टाकीला आलेला घाम

मारोतराव पाटलांच्या बागेतल्या संडासाची टाकी गळते, ही गोष्ट सगळ्यात आधी प्रयागबाईच्या टाळूला कळली. पौषातली सकाळ होती. दाराला कडी लावून ती निवांत बसली होती. तेवढ्यात डोक्याच्या अगदी मधोमध एक गारठलेला थेंब पडला. तिनं वर पाहिलं, तर दुसरा कपाळावर पडला. तिसऱ्याची वाट न बघता ती उठली.

हा संडास साहेबी होता. त्याची हकीकत अशी, की अकोल्याला कुणी एक साहेब विलायतेला परत जायला निघाला आणि त्यानं बंगल्यातलं सामान लिलावात काढलं. मारोतराव आरामखुर्ची घ्यायला गेले होते. ती दुसऱ्याच कुणी नेली. एवढ्या लांब जाऊन रिकाम्या हातानं परतणं पाटलांना शोभलं नसतं. म्हणून ते चिनी मातीचं बसायचं भांडं, ते धुऊन काढणारी लोखंडी टाकी आणि टाकीची साखळी असं सगळं घेऊन आले. बैलगाडीत कडब्यावर भांडं ठेवलं होतं. शेलूबाजारला लोकांनी गाडीला गराडा घालून हे काय म्हणून विचारलं, तेव्हा मारोतराव म्हणाले, "मशीन हाय."

आसेगावच्या घरात ते बसवायची सोय नव्हती. देवघर, चूल, गोठा सगळंच एकमेकांना चिकटून. शिवाय गाव हसलं असतं. पण ओढ्यापलीकडे पाटलांची संत्र्याची बाग होती आणि बागेत दोन खोल्या अन् ओसरी असलेलं कौलारू घर होतं. दिवाळीनंतर फळ भरू लागलं की सगळं कुटुंब राखणीला तिथं राहायला जाई, ते शिमगा झाल्यावर गावात परते. या घराला मारोतराव बंगला म्हणत. मंगरूळपीरच्या वहाब लोहारानं बंगल्याला मागून एक खोली काढून तिच्यात भांडं बसवलं, टाकी बसणाऱ्याच्या डोक्यावर भिंतीला ठोकली आणि त्या खोलीच्या सपाट माळवदावर एक पिंप चढवलं. गडीमाणूस देवला रोज संध्याकाळी शिडीवरून घागरी नेऊन ते पिंप भरी. नळीनं पाणी टाकीत उतरे. साखळी ओढली की असा काही आवाज होई, की पहिल्या दिवशी बैलानं दावं तोडलं.

मारोतराव स्वतः मात्र पहाटे तांब्या घेऊन बांधापलीकडेच जात. त्या भांड्यावर बसून त्यांना काही सुचत नसे. पाहुणे आले की दाखवायला ते बरं होतं.

प्रयागबाईचं वेगळं होतं. दोन वर्षांमागं गोठ्यात पाय घसरून तिचा उजवा गुडघा असा दुखावला, की तो पुन्हा नीट मुडपलाच नाही. भाकरी ती पाय लांब करून थापायची, पूजा पाटावर बसून करायची. पण जिथं उकिडवं बसल्यावाचून चालत नाही तिथं काय करायचं? पहाटेच्या अंधारात एका हातानं बाभळीचं खोड धरायचं आणि दात आवळायचे. हे कुणाला सांगायचं तरी कसं? तिनं सोपा उपाय काढला. जेवण कमी केलं, पाणी कमी केलं. नवऱ्याला वाटलं, बायको उपासतापास करते. गावातल्या बायका म्हणाल्या, पाटलीणबाईंना वैराग्य आलं.

बागेत त्या भांड्यावर ती पहिल्यांदा बसली तेव्हा गुडघा काहीच बोलला नाही. ती कितीतरी वेळ तशीच बसून राहिली. त्या दिवशी दुपारी ती पोटभर जेवली.

म्हणून थेंब पडला त्या सकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं, पण बेतानं सांगितलं.

"अजी, टाकीतून पानी ठिपकून राह्यलं वाटते."

"नाई ठिपकत," मारोतराव म्हणाले. "साहेबाची टाकी हाय ते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खात्री करायला खोलीत जाऊन वर तोंड करून पाहिलं. थेंब डोळ्यात गेला. मग वहाबला बोलावणं धाडलं.

वहाब आला. स्टुलावर चढून त्यानं टाकी फडक्यानं पुसली, बोटानं सांधे चाचपले, नळीच्या तोंडाला सफेदा लावून सूत गुंडाळलं. म्हणाला, "आता हालत नाई, पाटील." दुसऱ्या सकाळी टाकी पुन्हा ठिपकली. वहाब पुन्हा आला. या खेपेला त्यानं टाकी भिंतीवरून उतरवली, अंगणात उन्हात ठेवली, काठोकाठ भरली आणि सगळे तिच्याभोवती उभे राहिले. दुपार झाली. एक थेंब बाहेर आला नाही.

"भोक नाई," वहाब म्हणाला. "कसम से सांगतो. भोक असतं तं अंगनात बी गळली असती."

"आत गळते, बाहेर गळत नाई," देवला म्हणाला. "लाजत असन."

"हिले घाम येऊन राह्यला," वहाबनं निकाल दिला.

"लोखंडाले?" मारोतरावांनी विचारलं. "अन् करते काय ते घाम याले? माणूस बसते, टाकी तं लटकूनच असते."

वहाबकडं डब्यात गंज चढू नये म्हणून लावतात तो लाल रंग होता. तो त्यानं टाकीला आतून-बाहेरून दोन हात फासला, टाकी परत चढवली आणि निघून गेला. रंगानं फरक पडला. आता थेंब लाल पडू लागला. शिवाय देवला सफाईला आत गेला की लालभडक टाकी बघून त्याचे हात आपोआप जोडले जात. मारोतराव त्याच्यावर ओरडले. तो म्हणाला, "मी नाई जोडत मालक, ते जुडतेत."

हे सगळं एरवी घरातल्या घरात राहिलं असतं. पण त्याच आठवड्यात व्याह्यांचा निरोप आला.

पाटलांची लेक पंचफुला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. लेकरू आता रांगायला लागलं होतं, तरी तिला न्यायला सासरहून कुणी आलं नव्हतं. बारशाला तिचे सासरे इंद्रभानजी आले होते, जेवले होते, आणि एक शब्द न बोलता गाडी जुंपून निघून गेले होते. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मारोतरावांनी विचारायला जायचं नाही असं ठरवलं, कारण त्यांची काही चूक नव्हती. तिकडून इंद्रभानजींनी सांगायला यायचं नाही असं ठरवलं होतं, कारण त्यांचीही नव्हती. मधल्या मध्ये पंचफुला बसली होती. नवऱ्याचं नाव निघालं की ती लेकराचं अंगडं उलटं घालायची.

आणि आता निरोप होता, की संत्री कशी काय धरली ते पाहायला येतो.

"संत्रे पाहाले येत नाई तो," मारोतराव म्हणाले. "पोरीले न्या लागते का नाई ते पाहाले येऊन राह्यला. अन् त्याच्या पागोट्यावर हे टाकी ठिपकली तं? मनन तो, पाटलानं जानून बुजून पानी टाकलं माह्यावर." ते येरझारा घालू लागले. "देवला! उद्या सबन मशीन उखडून टाक. भांडं, टाकी, सबन. पाहुण्याले तांब्या देऊ. अब्रूचं काम हाय."

प्रयागबाई चुलीपुढं होती. तिच्या हातातलं उलथनं थांबलं.

"उखडू नका," ती म्हणाली.

"काहून?"

"माह्यासाठी."

मारोतरावांना वाटलं, बायकोलाही हौस लागली. "तुले काय करा लागते ते?"

तेव्हा चुलीकडं तोंड ठेवूनच तिनं सांगून टाकलं. गुडघ्याचं सांगितलं, बाभळीचं सांगितलं, अर्ध्या भाकरीवर उठायची ते सांगितलं. सांगताना आवाज चढला नाही की डोळ्याला पदर लागला नाही. दूध उतू गेल्याची बातमी सांगावी तसं सांगितलं. मारोतराव ऐकत उभे राहिले. दोन वर्षं ते रोज तिच्या समोर जेवायला बसत होते.

"मले कायले नाई सांगितलं?" ते शेवटी म्हणाले.

"हे काय सांगाची गोष्ट हाय?"

ते बाहेर गेले. देवला पहार घेऊन उभा होता. त्यांनी त्याला झाडांच्या आळ्यांतलं गवत काढायला पाठवलं.

भांडं राहिलं, पण घाम राहिलाच. प्रयागबाईनं एक जुनी गोधडी टाकीला गुंडाळून सुतळीनं करकचून बांधली. एक दिवस अगदी कोरडा गेला. ती स्वतःवरच खूश झाली. दुसऱ्या दिवशी गोधडी पाणी पिऊन पिऊन इतकी फुगली, की सकाळी पडायचे ते थेंब संध्याकाळपर्यंत पडत राहिले. तिनं गोधडी सोडून बांधावर वाळत घातली.

त्याच दिवशी तिनं भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचललं. झाकणाच्या आतून पाणी टपटप निथळलं, तसं ते रोजच निथळे. प्रयागबाई झाकण हातात धरून उभी राहिली. या झाकणाला भोक आहे असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. वाफ खालून वर जाते, झाकणाला लागते आणि पाणी होते. मग त्या खोलीत वाफ कुठून येते?

ते काही शोधायला जावं लागलं नाही. साहेबाच्या घरी न्हाणी आणि संडास एकाच खोलीत असतो, असं अकोल्याला पाहिल्यापासून मारोतरावांच्या मनात होतं. मागच्या हंगामात ते जमलं नव्हतं. यंदा त्यांनी तांब्याचा बंब त्या खोलीत नेऊन ठेवला होता आणि रोज सकाळी दारं-खिडक्या लावून, कढत पाण्यानं, भजन म्हणत ते सावकाश आंघोळ करत. वर टाकीत रात्रभर माळवदावर गारठलेलं पाणी आणि खाली मारोतरावांची वाफ. मागच्या हंगामात बंब नव्हता आणि टाकीही ठिपकली नव्हती. रंगाचा, सफेद्याचा कशाचाच संबंध नव्हता.

तिनं नवऱ्याला झाकण नेऊन दाखवलं.

"म्हंजे माह्या आंघोळीनं होते?" मारोतराव म्हणाले.

"आंघोळीच्या वाफेनं."

"साहेब बी तं त्याच खोलीत आंग धुवे."

"साहेब थंड मुलकातला. थंड्या पान्यानंच धुवत असन."

मारोतरावांनी झाकण उलटंसुलटं करून पाहिलं. त्यांना ते पटलं होतं, हे तिला दिसत होतं. पण अख्ख्या बंगल्यात त्यांना मनापासून आवडणारी गोष्ट ही एकच आंघोळ होती. "पौषाच्या थंडीत मी कुठी जाऊ?" ते म्हणाले. "पाहुना जाऊ दे. मंग पाहू."

पाहुणे आले. इंद्रभानजी अंगानं उंच, बोलायला थोडके. मंगरूळपीरकडून छकड्यात आले होते. पांढरं पागोटं, हातात काळी छत्री. नातवाला मांडीवर घेतलं, पण सुनेशी बोलले नाहीत. संत्री पाहिली. "धरली," म्हणाले. मारोतराव म्हणाले, "हो, धरली." एवढ्यावर पहिला दिवस संपला.

दुसऱ्या सकाळी मारोतरावांनी पाहुणचार म्हणून व्याह्यांना आधी आंघोळीला पाठवलं. देवलानं बंब भरपूर पेटवला होता. इंद्रभानजी आंघोळ करून, पागोटं बांधून बाहेर आले आणि थोड्या वेळानं, अंगावर कोट घालून, पुन्हा त्याच खोलीत गेले. दार लागलं. ओसरीवर मारोतराव, स्वयंपाकघरात प्रयागबाई आणि दाराआड पंचफुला असे तिघं तीन ठिकाणी श्वास रोखून बसले. साखळीचा आवाज झाला. इंद्रभानजी बाहेर आले. पागोट्यावर तीन लाल ठिपके होते.

"बेस हाय," ते म्हणाले आणि संत्री पाहायला निघून गेले.

मारोतरावांनी कपाळाला हात लावला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी इंद्रभानजी छत्री घेऊन संडासाला गेले. आकाशात ढगाचा तुकडा नव्हता. आत गेल्यावर छत्री उघडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. वरून थेंब पडल्याचाही ऐकू आला, कारण छत्रीच्या ताणलेल्या कापडावर तो नीट वाजत होता. इंद्रभानजी बाहेर आले, छत्री झटकली, मिटली, ओसरीच्या कोपऱ्यात उभी केली. कुणी काही विचारलं नाही. देवलानं छत्रीखाली साचलेलं पाणी पुसलं.

चौथ्या दिवशीही तेच झालं. त्या दिवशी जेवताना इंद्रभानजी म्हणाले, की उद्या निघतो. पंचफुलाचं नाव त्यांनी काढलं नव्हतं. मारोतरावांनीही ते काढलं नाही. पंचफुला ताक वाढत होती. तिनं ताक वाटीऐवजी पाटावर ओतलं आणि ती दाराआड गेली.

ते पाहून प्रयागबाईला राहवलं नाही. व्याही-विहिणींत थट्टेला मुभा असतेच. तिनं पदर कपाळावर ओढला आणि सरळ विचारलं, "इवाईबुवा, संडासात छत्री कायले नेता?"

मारोतरावांनी डोळे मिटले.

इंद्रभानजींनी हातातली भाकरी खाली ठेवली. "आता तुमी इचारलंच तं सांगतो, इहीनबाई. मले वाटलं, असं भांडं असते तवा वरून पानी पडतच असन. साहेबाची रीत असन. इचारलं असतं तं तुमी मनलं असतं, याले काही समजत नाई."

"म्हंजे छत्री रागानं नाई नेली तं?"

"पान्याचा काय राग?" ते जरा थांबले. "राग बारशाचा हाय."

मारोतरावांनी मिटलेले डोळे उघडले.

"सख्ख्या नातवाचं बारसं," इंद्रभानजी म्हणाले. "पयली पंगत उठली, तरी मले कोनी पाटावर बसा मनलं नाई. गावचे सबन जेवले. मले दुसऱ्या पंगतीत बसोलं. मी काही मनलं नाई. पन मले समजलं माही किंमत काय हाय ते."

मारोतराव आश्चर्यानं बायकोकडं बघू लागले. पंगतीचं काम तिच्याकडं होतं.

"अवो बाप्पा," प्रयागबाई म्हणाली. "पयल्या पंगतीचं वरन करपलं होतं."

"काय?"

"चार मानसं चुलीपाशी, अन् कोनाचं ध्यान नाई. तळाले लागलं. गावच्या लोकाईले वाढून टाकलं, ते काही मनत नाईत. तुमाले करपलेलं वरन कसं वाढू? दुसरं शिजोलं, मंग तुमाले बोलावलं. तूप बी तुमाले घरचं वाढलं होतं. आठवत नाई?"

इंद्रभानजी आठवू लागले. "तूप चांगलं होतं," ते अखेर म्हणाले.

"मंग तवाच कायले नाई इचारलं?"

"तुमी तवाच कायले नाई सांगितलं?"

"वरन करपलं हे इवायाले कोन सांगते?"

दाराआडून पंचफुलाचा आवाज आला. ती हसत होती की रडत होती, ते तिलाही धड कळत नसावं. "मी इथी सहा महिने बसली," ती म्हणाली, "वरनापायी!"

लेकरू आईचा आवाज ऐकून खदखदून हसलं. त्याचं बघून देवला हसला, आणि मग इंद्रभानजींच्या मिशा हलल्या. मारोतराव सगळ्यांत शेवटी हसले. आपण हसावं की नाही याचा विचार त्यांनी आधी पुरता केला.

"परवा निघू," इंद्रभानजी सुनेला म्हणाले. "सामान बांधून ठेव, बाई. तुहा नवरा दोन महिन्यांपासून माह्याशी बोलून नाई राह्यला."

मग प्रयागबाईनं टाकीचंही सांगून टाकलं. वाफेचं, झाकणाचं, रंगाचं, गोधडीचं. इंद्रभानजींनी सगळं ऐकून मारोतरावांकडं पाहिलं आणि साध्या आवाजात विचारलं, "म्हंजे तुमाले कढत पान्याचं सुख पाह्यजे म्हनून आमी छत्री धरावी?"

दुसऱ्या सकाळी बंब विहिरीच्या थारोळ्यापाशी, मोटेचं पाणी पडतं तिथं, गेला. मारोतरावांनी उघड्यावर आंघोळ केली. वारा असा होता, की अंगावर घेतलेलं कढत पाणी खाली पोचेपर्यंत कोमट होई. भजनाचं पहिलं कडवं त्यांनी इतक्या भराभर म्हटलं, की देवलाला ते शिव्या देतात असं वाटलं. आंघोळ करून ते कुडकुडत आले आणि ओसरीवर जाहीर करून टाकलं, "उघड्यावर आंग धुवावं माणसानं. तब्येत चांगली राह्यते." त्या सकाळी टाकी कोरडी ठणठणीत होती. प्रयागबाईनं तिच्यावर हात फिरवून पाहिला.

छकडं निघालं तेव्हा पंचफुला रीतीप्रमाणे रडली आणि ओढा ओलांडायच्या आत थांबली. इंद्रभानजींच्या पागोट्यावरचे लाल ठिपके धुतले तरी गेले नव्हते. प्रयागबाईनं नातवाच्या गालाला काजळाचं बोट लावलं. गाडी दिसेनाशी झाल्यावर नवरा-बायको घरात आले. घर फार मोठं वाटलं.

शिमगा आला नि गेला. झाडावर एक संत्रं उरलं नव्हतं. आसेगावातले लोक मारोतरावांना विचारू लागले, की पाटील, गावात कधी येता? मारोतराव म्हणत, बागेत राखण लागते. कशाची, ते कुणाला कळेना. चैत्र तापू लागला. दुपारी कौलं चटके देत. तरी पाटील काही हलले नाहीत. गावातल्या घरामागं वहाब खड्डा खणून घेत होता आणि गोठ्याच्या कडेनं भांड्याच्या मापाची एक खोली उभी राहत होती. ती पुरी व्हायला आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया उजाडली. मग मारोतरावांनी गाडी जुंपायला सांगितलं आणि बायकोला हात देऊन वर चढवलं.